जामीन नाही, म्हणून मत नाही

1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62(5) सांगतं, की तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत असलेल्याला मतदान करता येणार नाही. शिक्षा भोगणारा आणि खटल्याच्या तारखा मोजणारा, दोघांनाही हाच नियम. आपल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत.

या कलमाचे समर्थक 1997च्या अनुकूल चंद्र प्रधान खटल्याकडे बोट दाखवतात. गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवायला हवं, माणूस आपल्या वागण्यानेच आत जातो, शिवाय कैद्यांच्या मतदानाला बंदोबस्त कुठून आणायचा, अशी कारणं देत सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा हे कलम उचलून धरलं.

पण कच्च्या कैद्याचं ‘वागणं’ अजून सिद्ध कुठे झालंय? त्याच गुन्ह्यातला, त्याच आरोपपत्रातला दुसरा आरोपी जामिनावर सुटून रांगेत उभा राहतो आणि बोटाला शाई लावून घेतो. शिक्षा होऊन अपिलात जामीन मिळवलेलाही मत देतो. मग हे कलम अडवतं कोणाला? ज्याला वकील परवडला नाही, जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळाला नाही, त्याला. गुन्हेगारी रोखण्याचं नाव घेऊन गरिबीला दिलेली ही शिक्षा आहे.

बंदोबस्ताची सबब तर कायदाच खोडून काढतो. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांना टपाली मतदानाची सोय आहेच. तीच कच्च्या कैद्यांना द्यावी. मत गावच्याच मतदारसंघात मोजलं जाईल. तुरुंगात दबाव येईल, ही भीती मात्र खरी आहे; त्यासाठी निवडणूक आयोगाचा निरीक्षक मतदानाच्या वेळी तिथे हजर हवा. शिक्षा झालेल्यांचं काय, हा वाद वेगळा. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 1999मध्ये त्यांनाही मतदान करू दिलं. माझी मागणी तेवढी मोठी नाही.

जून 2022मध्ये राज्यसभेच्या निवडणुकीत कोठडीत असलेल्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक या आमदारांना मतदानाची परवानगी नाकारली गेली, तेव्हा हे कलम मराठी घराघरांत पोचलं. चर्चा मात्र दोन मतांच्या बेरजेपुरतीच फिरली.

जुलै 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की कोठडीत असल्याने ज्याला मत देता येत नाही, त्याला निवडणूकही लढवता येणार नाही. संसदेने याच कलमात दुरुस्ती करून उमेदवारीचा हक्क वाचवला. त्यामुळेच 2024मध्ये इंजिनिअर रशीद तिहार तुरुंगातून बारामुल्लाची लोकसभेची जागा जिंकू शकले. त्या दुरुस्तीला दोन महिनेसुद्धा लागले नव्हते.