शिफारसपत्र नको, लेखी आदेश मागा!

खराब रेकॉर्डमुळे बसचं लायसन्स नाकारलं, की पहिली धाव कुठे? आपल्या मंडळाकडे! "मुलगा आपला आहे, साहेब ओळखीचे आहेत, दोन ओळी लिहून द्या." देवास असो, धार असो की पीपलरावां, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा याहून वाईट उपयोग नाही. आम्ही तो करणार नाही.

18 जुलै 2022 रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. किमान 12 माणसं गेली. त्यात दोष कुणाचा, हे ठरवणारे आम्ही नव्हे. पण लग्नकार्याला खानदेशात जाताना आपल्यापैकी कितीजण त्याच पुलावरून गेले असतील! बसमध्ये चढताना आपण ड्रायव्हरचं आडनाव विचारत नाही. मग लायसन्सच्या वेळीच ते का आठवावं?

याचा अर्थ परिवहन खात्याला रान मोकळं, असा नाही. "रेकॉर्ड खराब आहे" असं खिडकीवरून तोंडी सांगून कुणाची भाकरी हिरावता येत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 17 वाचा. लायसन्स नाकारलं तर कारणांसह लेखी आदेश द्यावाच लागतो. तो हाती पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं आणि अपिलात अर्जदाराचं म्हणणं ऐकावंच लागतं. तिथे बोला ना! चलन दुसऱ्याच्या गाडीचं होतं? खटल्यात निर्दोष सुटलात? कागद दाखवा. पण भरधाव गाडी हाकल्याचे दंड खरेच असतील, तर मंडळाच्या शिक्क्याने ते पुसले जाणार नाहीत. कलम 19 प्रमाणे तर आधीच्या वागणुकीवरून जनतेला धोका दिसला, तर हातात असलेलं लायसन्ससुद्धा जाऊ शकतं.

खरं दुखणं वेगळंच आहे. ही नोंद ठेवतो कोण? रोडवेज होती तेव्हा निदान डेपोला विचारता येत होतं. 2005 मध्ये सरकारने ते महामंडळच गुंडाळायचं ठरवलं. आता ड्रायव्हर आज या मालकाकडे, उद्या त्या. मागे कुठे गाडी ठोकली, हे नव्या मालकाला कोण सांगणार? (विचारतो तरी कोण म्हणा!) एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली, तीही खासगी गाड्यांच्याच भरवशावर. तेव्हा आमदारांकडे जायचंच असेल तर ही मागणी घेऊन चला: प्रत्येक ड्रायव्हरची अपघात-नोंद ठेवा आणि ती त्यालाही दाखवा. त्या अर्जावर मंडळाचा शिक्का आजच मारून देतो.