एकीचा व्हिडिओ आणि आमचा फुटलेला ग्रुप

आमच्या पाटोद्याच्या दहावीच्या बॅचचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. म्हणजे होता. २०२४ च्या लोकसभेनंतर त्याचे दोन झाले. का झाले, ते बीडकरांना सांगायला नको.

तर उरलेल्या अर्ध्या ग्रुपवर परवा एक जुना व्हिडिओ आला. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची ज्यूंची परेड, जून २०२४ ची. ओलिसांचे नातेवाईक हातात फोटो घेऊन चाललेत, सोबत हजारो माणसं. खाली मित्राची कॉमेंट: "याला म्हणतात एकी! मूठभर लोक, पण जगाला भारी. आपल्या समाजानं शिकावं."

धडाधड अंगठे पडले. मी मात्र वैतागलो.

ओलिसांच्या घरच्यांसोबत लोक चालले, चांगलंच केलं. पण आपल्याकडे "ज्यूंसारखी एकी" म्हणजे काय, तर तोंड बंद ठेवा आणि नेत्याच्या मागं उभे राहा. हा अर्थ किती चुकीचा आहे ते कळायला न्यूयॉर्क नको, पेण-अलिबाग पुरे.

कोकणातले बेने इस्राएल आठवा. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावावरून आडनावं. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी काम बंद, म्हणून लोक म्हणायचे 'शनिवार तेली'. बोली मराठी. १९४८ नंतर यातले बरेच जण इस्राएलला गेले. आपल्या माणसांत चाललोय, या भावनेनं.

तिथं काय झालं? १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं फर्मान काढलं: बेने इस्राएलांपैकी कुणाला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. हे खरेच ज्यू आहेत का ते बघा. म्हणजे आपल्याच घरात शिरताना दारावर आयडी कार्ड मागितलं!

आता आमच्या ग्रुपच्या व्याख्येप्रमाणे या लोकांनी गप्प बसायला हवं होतं. देश नवा, चारी बाजूंनी शत्रू, अशा कठीण काळात घरची भांडणं कशाला चव्हाट्यावर? पण ते गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला. स्वतःच्या धर्मपीठाविरुद्ध, स्वतःच्या सरकारसमोर. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत. मग रब्बींनी नियमातून त्यांचं नाव काढलं.

आधी न्याय, मग एकी. हा क्रम उलटा केला की जे उरतं ती नुसती हजेरी.

दुसरी गोष्ट मुंबईची. २६ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाऊसवर हल्ला झाला. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची बायको रिव्का मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर आणलं ते सँड्रा सॅम्युअल या ख्रिश्चन दाईनं. आणि मेलेल्या अतिरेक्यांना दफनाला जागा द्यायला मुंबईतल्या मुसलमानांच्या कबरस्तानानं नकार दिला. यातलं कुणीही 'आपल्या समाजाचं' म्हणून पुढं आलं नव्हतं.

मला विचाराल तर एकीची परीक्षा सोपी आहे. आपल्या जातीच्या मोर्च्यात किती लाख होते, हा प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या मोर्च्यात तुम्ही कधी चाललात? आणि आपला माणूस चुकला तेव्हा त्याच्यासमोर कधी बसलात?

मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, २८ डिसेंबर २०२४ ला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला. आमच्या ग्रुपवर चर्चा कशाची? तर त्यात कुठल्या जातीचे किती!

फार शहाणपणा झाला. माझंही सांगतो. आमचा ग्रुप फुटला तेव्हा माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राला आडनाव बघून काढलं होतं. मी पुण्यात, हिंजवडीच्या बसमध्ये, फोन हातात. 'रिमूव्हड' वाचलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. एकी टिकवली ना!

काल रात्री त्याला फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पहिलं मिनिट दोघंही पावसावर बोललो...