ग्रामपंचायतीच्या पैशात थकलेल्यांचा वाटा किती?



शेतकी खात्याची माणसं या पानांवर बहुधा बेणं, खतं आणि हुमणी यांवरच लिहितात. आजचा विषय निराळा आहे, पण आपल्याच शिवारातला आहे. ऊसनोंदीला गावोगाव फिरताना दिसतं की नोंद वडिलांच्या नावावर, सहीही वडिलांचीच, आणि कर्ता मुलगा चाकणला नाहीतर भोसरीला. घरात दोन थकलेले जीव. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होती. म्हणजे आपल्या राज्यात तेव्हाच दहातला एक. तरणी पोरं शहराला गेल्यामुळे खेड्यात ते अधिकच जाणवतं.

या लोकांसाठी सरकार काहीच करत नाही असं म्हणता येणार नाही. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली महिना १,५०० रुपये झाली. ७५ वर्षांवरील व्यक्तींना २०२२ पासून एस. टी. मोफत आहे. पण श्रावणबाळला वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. अर्धा एकर ऊस असलेली एकटी बाई कागदावर त्यात बसत नाही. एस. टी. मोफत असली तरी वस्तीवरून फाट्यापर्यंत पोचवायचं कुणी? जन्मभर खुरपं धरून बोटांच्या रेघा झिजल्या, त्यामुळे यंत्रावर अंगठा उमटत नाही, तेव्हा सोबत बँकेत जायचं कुणी? सपाट भागात प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येला एक, हा निकष आहे. तिथून दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या कुणी? हे प्रश्न मंत्रालयातून सुटणारे नाहीत. ते गावातच सुटतील, आणि त्याला गावचाच पैसा लागेल.

आता ग्रामपंचायतीचा पैसा पाहू. स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करण्याचं बंधन आहे. हे योग्यच आहे, त्यातला एक पैसाही कमी होऊ नये. पण वृद्धांच्या नावाने असा ठरलेला वाटा नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत. त्यांत समाजकल्याण आहे, दुर्बल घटकांचं कल्याण आहे, वृद्धांचं वेगळं नाव नाही. नाव नाही म्हणून मनाई आहे असं नव्हे. पण ज्याचं नाव नाही, त्याची आठवण अंदाजपत्रकाच्या वेळी कुणाला होत नाही.

वित्त आयोगाचा पैसा येतो, मग अडचण काय, असं कुणी म्हणेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ६० टक्के निधी पाणी व स्वच्छतेला बांधून दिला होता. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता, पण पगार व आस्थापनेवर नाही. त्यामुळे या पैशातून बांधकाम होतं. पेव्हर ब्लॉक बसतात, कमान उभी राहते. दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा, चावडीला उतरता रस्ता, वाटेवर बसायला कट्टा ही कामंसुद्धा अशा निधीतून होऊ शकतात. मागितली मात्र पाहिजेत.

पण म्हाताऱ्या माणसाची खरी गरज सिमेंटची नसते, माणसाची असते. आठवड्यातून दोनदा घरी येऊन विचारपूस करणारं, गोळ्या आणून देणारं, दाखल्याला सोबत जाणारं कुणीतरी लागतं. त्याला दर महिन्याचं मानधन द्यावं लागतं, आणि ते गावच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच निघू शकतं. समजा, पंचायतीचं स्वउत्पन्न १० लाख आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे ५०,००० रुपये, महिना चार हजारांच्या वर. एका मदतनीस बाईचं थोडंफार मानधन आणि महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयापर्यंत भाड्याची जीप, एवढं त्यात बसतं.

इथे आपल्याला थोडं झोंबणारं बोलतो. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. ऊसबिलाला चार दिवस उशीर झाला तर आपण गट ऑफिसात येऊन बसतो, ते बरोबरच आहे. पण पंचायतीची तीन-तीन वर्षांची पट्टी थकवताना आपल्याला काही वाटत नाही. कारखाना ज्या गावच्या हद्दीत आहे, त्या गावाला कारखान्याकडून कर मिळतो. बाकीच्या गावांची मदार तुमच्या पट्टीवरच आहे.

आई-बापांना मुलांनी सांभाळावं, पंचायतीने कशाला, असंही काही जण म्हणतील. सांभाळलंच पाहिजे, २००७ चा कायदाही तेच सांगतो. पण पाळीवर असलेला मुलगा दुपारी दोनला चक्कर येऊन पडलेल्या आईजवळ पोचत नाही. खोडवा पहिल्या पाण्यावर सोडून दिला तर तो उतारा देत नाही, हे आपल्याला कळतं. बुडखे छाटावे लागतात, खत द्यावं लागतं. लागणीला सगळं आणि खोडव्याला काही नाही, असा कारभार गावानेही करू नये.

तेव्हा तीन गोष्टी सुचवतो. पहिली, विकास आराखड्याच्या ग्रामसभेला स्वतः हजर राहून पंच्याहत्तरीपुढच्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी करायला लावावी. आशाताईंना ती घरं माहीत असतात. दुसरी, स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रकमेचा ठराव मांडावा, आणि मांडणाऱ्याने आपली पट्टी आधी भरावी. तिसरी गोष्ट नोकर माणसाने सांगावी की नाही कोण जाणे, तरी सांगतो. जी पंचायत असा ठराव करील, तिला तितकीच रक्कम आपल्या ऊसबिलातून जमणाऱ्या भागविकास निधीतून द्यावी का, हा विषय वार्षिक सभेत निघावा.

ज्यांनी पहिले शेअर घेऊन हा कारखाना उभा केला, त्यांतले जे आज हयात आहेत त्यांना ग्रामसभेची पायरी चढवत नाही. त्यांच्या वतीने आपणच बोललं पाहिजे. सभासदांनी विचार करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी