यंत्र घेण्यापूर्वीं तंतु पाहावा

मातीची परीक्षा प्रकाशाच्या साहाय्यानें करणाऱ्या स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वर्णपटमापक, यंत्राची चर्चा हल्लीं शेतकरी-मंडळांत ऐकूं येते. विकणारा यंत्राचें नांव व किंमत सांगतो. परंतु मातीवरून परतलेला उजेड यंत्रापर्यंत वाहून नेणाऱ्या काचतंतूविषयीं कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें प्रथम तेंच विचारलें पाहिजे. मोजणीची साखळी खोटी असली तर क्षेत्राचा प्रत्येक अंक खोटा ठरतो; तोच न्याय येथें लागू आहे.

पहिला प्रश्न काचेचा. सिलिका-काचेंतही पाण्याचा अंश, म्हणजे हायड्रॉक्सिल, राहतो व तो सुमारें १३८० नॅनोमीटरचा उजेड गिळतो. मातींतील ओल १४०० व १९०० च्या आसपास आपली खूण दाखविते. अर्थात् हायड्रॉक्सिल अधिक असल्यास, खूण पाहावयाची तेथेंच उजेड उरत नाहीं. म्हणून अवरक्त प्रकाशाच्या कामास अल्प-हायड्रॉक्सिल तंतु घ्यावा. दुसरा तंतु जंबुपार किरणांच्या कामाचा होय.

दुसरा प्रश्न जाडीचा. आपली काळी जमीन उजेड फार थोडा परत देते, म्हणून जाड गाभ्याचा तंतु बरा. परंतु यंत्राच्या फटीपेक्षां गाभा फार रुंद असेल तर वरचा उजेड वायां जातो. आणि फटच नसेल तर जाड तंतूमुळें जवळजवळचे रंग एकमेकांत मिसळतात. तंतु व फट यांचा मेळ पाहूनच निवड करावी. तंतु तीव्र वांकवूं नये. त्यानें उजेड गळतो व काचही तुटते.

तिसरी गोष्ट दर्यापूरकरांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. आपला तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत आहे, आणि साध्या मिठास या प्रकाशांत स्वतःची खूण नाहीं. तंतु कितीही उत्तम घेतला तरी क्षारांसाठीं विद्युत्-वाहकता मोजणें सुटत नाहीं. सन २०१५ मध्यें सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या बारा बाबींत ती आहे, तें उगीच नव्हे.

यास्तव मंडळांनीं खरेदीच्या कागदांत तंतूची जात, गाभ्याची जाडी व लांबी लिहून घ्यावी, आणि पैसे देण्यापूर्वीं प्रयोगशाळेंत तपासलेल्या आपल्याच गांवच्या मातीवर यंत्र चालवून पाहावें. खोट्या अंकावर टाकलेल्या खताचा खर्च विकणारा सोसणार नाहीं. तो खातेदाराच्या सातबाऱ्यावर बोजा होऊन चढेल.