काठीला हात लावू द्या

हॉकीची नवी काठी घरात आली की वडीलधाऱ्यांची पहिली आज्ञा सुटते ती अशी, की तिला काही करू नका. मूठ सैल वाटली तरी सोडू नका, लांब झाली तरी कापू नका, आहे तशी वापरा. वस्तू महागाची असते, तेव्हा ही काळजी समजण्याजोगी आहे. तथापि आम्हांस ती चुकीच्या जागी केलेली वाटते. दुकानातून आलेली काठी कोणाच्याही मापाची नसते. ती खेळाडूच्या हाताची व्हावयास घरी तास-दोन तासांचे काम करावे लागते, आणि ते काम ज्याला खेळावयाचे आहे त्यानेच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम लांबीचेच पाहू. शाळेचा सदरा जसा वाढत्या अंगाचा घेतात, तशी काठीही पुष्कळ पालक दोन वर्षे पुढची घेतात. सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात. काठी दुमडता येत नाही. मग मूल वाकण्याऐवजी ताठ उभे राहून खेळू लागते आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. काठी शेजारी उभी धरली असता तिचे वरचे टोक साधारण कमरेच्या हाडाशी यावे. लाकडी काठी लांब असेल तर मूठ सोडून वरच्या टोकाकडून बारीक दातांच्या करवतीने इंच-दीड इंच कापावी. दांड्याच्या वेतावर गुंडाळलेला दोरा कापल्या जागी पुन्हा घट्ट बांधून त्यावर सरस लावावा, नाही तर तो उलगडत जातो. वरचे वजन कमी झाले की खालचे टोक जड वाटू लागते, म्हणून एका वेळी फार कापू नये. कार्बन किंवा काचतंतूच्या काठीला मात्र मुलांनी करवत लावू नये. तिची भुकटी अंगाला खाजते व श्वासाबरोबर आत जाते. ते काम मोठ्यांचे, तेही नाकातोंडाला कापड बांधून, उघड्यावर.

मुठीचे काम त्याहून सोपे. जुनी पट्टी सोडून नवी पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवीत गुंडाळावी. हात लहान असेल तर एकच थर, मोठा असेल तर आत सुती फीत. विकतची पट्टी परवडत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टीही चालते. हात काळे होतात एवढेच.

खेळाडूने आपल्या काठीवर असे घरगुती प्रयोग करणे ही काही आमची नवी कल्पना नव्हे. बर्फावरील हॉकीत अशा प्रयोगाने खेळच पालटला. १९६० नंतरच्या काही वर्षांत शिकागो संघाच्या स्टॅन मिकिता यांच्या काठीचे सपाट पाते सरावात तडकून वाकले. त्याच वाकड्या पात्याने त्यांनी रागाने चकती मारली, तर ती विलक्षण वेगाने गेली. मग गरम पाण्यात पाती भिजवावयाची, दाराच्या फटीत अडकवून वाकवावयाची आणि रात्रभर तशीच ठेवावयाची, असा उद्योग सुरू झाला. त्यांचे सहकारी बॉबी हल यांनीही तोच मार्ग धरला. (न्यूयॉर्कच्या अँडी बाथगेट यांनी हे आधीच केले होते, असेही म्हणतात. अशा शोधांना एकच बाप क्वचित असतो.) चेंडूसारख्या वापरल्या जाणाऱ्या त्या रबरी चकतीचा नेम गोलरक्षकांना लागेना, तेव्हा नॅशनल हॉकी लीगने १९७० मध्ये पात्याच्या वाकाला अर्ध्या इंचाची मर्यादा घातली, २००६ मध्ये ती पाऊण इंच झाली.

आपल्या मैदानी हॉकीत मात्र खालच्या वळलेल्या टोकाशी असा खेळ करू नये. लाकडी काठीचे ते टोक तुतीच्या पट्ट्या वाफेवर वाकवून व चिकटवून केलेले असते. पुन्हा पाणी आणि आच लागली की सांधे उकलतात. शिवाय येथे नियमही निराळे आहेत. चेंडू सपाट बाजूनेच मारावयाचा, दांड्याचा बाक २५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, आणि गुंडाळलेल्या पट्ट्यांसकट सारी काठी ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार व्हावी. ही शेवटची परीक्षा घरी घेता येते. दोन इंच व्यासाची धातूची बांगडी घ्यावी. तीतून काठी गेली तर पंचाच्या कड्यातून जाणारच. झिजू नये म्हणून टोकाला चिकटपट्टी जरूर लावावी, पण वजन वाढविण्यासाठी थरांवर थर चढविणे किंवा कडा धारदार ठेवणे याला आम्ही कौशल्य म्हणत नाही. तो दुसऱ्याच्या नडगीशी केलेला अविचार आहे.

कोणी म्हणेल, आता लाकडी काठ्या राहिल्या कोठे? मोठ्या सामन्यांत त्या दिसत नाहीत हे खरे. परंतु बेळगावचे बंडू पाटील आणि महूचे शंकर लक्ष्मण ज्या संघातून खेळले, त्या १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघाच्या हाती लाकडाच्याच काठ्या होत्या, आणि शिकणाऱ्या मुलाला ती आजही पुरते. आपल्याकडच्या पावसात तिला जपावे लागते. भिजलेली काठी पुसून सावलीत आडवी ठेवावी, चुलीजवळ कधीही नाही. लाकूड पूर्ण सुकल्यावर त्यावर जवसाच्या तेलाचा बोटभर हात फिरवावा.

शाळांच्या क्रीडासाहित्याच्या कपाटांत मूठ सुटलेल्या, एकाच मापाच्या काठ्या कुलपाआड पडून असतात आणि नव्या काठ्यांसाठी अर्ज होत राहतात. त्या काठ्या, वहीत नोंद करून, दिवाळीच्या सुट्टीत एकेका मुलाच्या व मुलीच्या घरी जाऊ द्याव्यात. एखादी काठी वाकडी कापून परत येईल. ती सर्वांत बुटक्या खेळाडूला द्यावी.