वेठ आणि स्वयंसेवा : परदेशी एकट्याने निघण्यापूर्वी

दिंद्रुडसारख्या गावात परदेश म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आखातातली नोकरी येते, नाहीतर मोठी डिग्री. पगार न घेता, अनोळखी माणसांसाठी सहा महिने काम करायला आपल्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी एकट्याने निघते, ही गोष्ट अजून पचनी पडत नाही. घरचे विचारतात, फुकट राबायला एवढ्या लांब कशाला? चळवळीतले ज्येष्ठ विचारतात, आपली वस्ती सोडून जगाचे कशाला बघता? हे दोन्ही प्रश्न उडवून लावण्यासारखे नाहीत. त्यांना उत्तर दिल्याशिवाय कोणीही बॅग भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुकट राबणे आपल्या समाजाला नवे नाही. वतनाच्या नावाखाली गावाने आपल्या बापजाद्यांकडून पिढ्यान्‌पिढ्या वेठ घेतली. रात्री-अपरात्री निरोप पोचवा, मेलेले जनावर ओढा आणि बदल्यात शिळी भाकर घ्या. नाही म्हणायची सोय नव्हती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे बिल मांडले, ते याच गुलामीच्या विरोधात. तेव्हा 'फुकट' या शब्दाची चीड आपल्या घरात असेल, तर ती योग्यच आहे.

पण त्याच बाबासाहेबांच्या चळवळीत समता सैनिक दलाचे कार्यकर्ते पदरचे खाऊन परिषदा आणि मोर्चे सांभाळत होते. तेही बिनपगारी कामच होते. मग वेठ आणि स्वयंसेवा यांत फरक काय? आम्ही तीन प्रश्न विचारतो. काम कोणते हे ठरवताना तुमचे मत घेतले का? नको वाटले तर सोडून परत येता येते का? आणि त्या कामाचा फायदा गरजूला होतो, की मधल्या माणसाला? या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले, तर ती स्वयंसेवा. नाहीतर ती वेठच आहे, मग ती विमानाने जाऊन केलेली का असेना.

बीड जिल्ह्याला हे जास्त समजावे लागू नये. दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत पाय अडकलेला असतो. आता परदेशी स्वयंसेवेच्या बाजारातही मुकादम आहेत. फरक एवढाच, की तो मुकादम उचल देत नाही, उलट तुमच्याकडूनच घेतो. दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांना शिकवा, त्यासाठी एवढे पैसे भरा, वर एक प्रमाणपत्र आणि भरपूर फोटो. श्रीमंतांच्या मुलांना ते परवडते. आपल्या आईने अंगावरचे मणी गहाण ठेवून असली सहल विकत घेण्यात ना सेवा आहे ना स्वाभिमान.

खरी स्वयंसेवा कशी असते? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सेनानींनी मदत मागितली होती, म्हणून ते गेले. हातात कसब होते, पाठीशी संघटना होती. कोटणीस तिथे चिनी भाषा शिकले, तिथेच राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. यातून घ्यायचे ते एवढेच : बोलावणे, कसब, पाठबळ आणि भाषा. नर्सिंगचे शिक्षण, शेतीचे ज्ञान, हिशेब, संगणक, शिकवणी, यांतले काहीतरी हातात असल्याशिवाय जाणारा माणूस यजमानावर ओझेच होतो.

तयारी म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या प्रवासातही दिसते. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. काय मिळणार आणि काय द्यावे लागणार, हे जाण्याआधीच कागदावर होते. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते परत गेले आणि अभ्यास पुरा केला. परदेशी ते एकटेच राहिले, पण निराधार होऊन गेले नाहीत.

आता कागदांचे बोलू. आपल्याकडे पहिली अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी हे जुळवून घ्या, गरज पडली तर राजपत्रात नावबदल करा. साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, त्यासाठी एजंट लागत नाही. पडताळणीसाठी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यातून बोलावणे येईल, तेव्हा कागद घेऊन स्वतः जा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो आणि आखातासह ठरावीक देशांत कामाला जाताना वेगळी मंजुरी लागते. आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते, ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी.

सर्वात जास्त फसवणूक व्हिसात होते. 'टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बघू' असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी तीस दिवसांपर्यंतच स्वयंसेवा चालते, त्यापुढे वेगळा व्हिसा लागतो. जर्मनीत स्वयंसेवेचे वर्ष करता येते, खिशाला थोडा पैसा आणि विमा मिळतो, पण संस्थेशी आधी करार आणि थोडीफार जर्मन भाषा हवी. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम निवड करताना फी घेत नाही. निवड झालेल्याला उलट निर्वाह भत्ता आणि विमा देतो. म्हणजे जी संस्था खरी आहे ती तुमच्या पोटाची आणि आजारपणाची जबाबदारी लेखी घेते. ही कसोटी प्रत्येक जाहिरातीला लावा.

एकट्याने जाणाऱ्या मुलींसाठी तर हे आणखी गरजेचे आहे. राहायची खोली कुठे, तिला आतून कडी आहे का, वरिष्ठाने त्रास दिला तर तक्रार कोणाकडे, हे आधी विचारा. असे विचारल्याचा राग येणाऱ्या संस्थेत जाऊच नका. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, संस्थेची नव्हे. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, कागदांच्या प्रती घरी ठेवा, भारतीय दूतावासाचा नंबर आईच्या फोनमध्येही असू द्या.

आणि जात? ती विमानतळावर गळून पडत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदावर बंदी घालावी लागली, यातच सगळे आले. तिथे भेटणारा भारतीय आडनाव विचारेल, गाव विचारेल. उत्तर मान वर करूनच द्या. जिथे जाल तिथल्या आंबेडकरी मंडळींशी निघण्यापूर्वीच ओळख करून घ्या.

राहिला ज्येष्ठांचा प्रश्न. वस्ती की जग, असा हा सामना नाही. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. धम्म आपल्याला जगाशी जोडतो, हे त्यांना सांगायचे होते. भारतीयाला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. पहिला अनुभव तिथेही घेता येईल. पण ज्याने आपल्या वस्तीत एक अभ्यासिका वर्षभर चालवून दाखवली नाही, त्याने परदेशात सेवेची भाषा बोलू नये, हे ज्येष्ठांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. आमची त्यात एकच भर आहे. जो जाईल, त्याने परत येऊन पुढच्या दोघांचे अर्ज भरून द्यावेत. आजवर आपल्या माणसांना गावाबाहेर मुकादमाने नेले. आता आपली माणसे आपल्या मर्जीने, लेखी कराराने आणि परतीच्या तिकिटासह बाहेर पडली पाहिजेत.

जय भीम!