गाठोडे कोणी सोडायचे?

गोधडीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात गोधडी असते, तिच्या उबेत झोपलेले मूल असते, दिव्याच्या उजेडात टाके घालणारी आजी असते. गाठोडे मात्र नसते. जुनेरे, धडपे, सुटे काठ, खणांची कातरणे, परकरांचे घेर, सदऱ्यांच्या पाठी असे जे भांडवल गोधडी शिवणाऱ्या बाईच्या घरात माळ्यावर किंवा पलंगाखाली वर्षानुवर्षे साठत असते, त्याविषयी आपले साहित्य आणि आपली समीक्षा जवळजवळ गप्प आहे. आपण गप्प राहिलो की दुसरे कोणीतरी बोलू लागते. सध्या ते काम घर आवरण्याचे शास्त्र सांगणाऱ्यांनी अंगावर घेतले आहे.

हे शास्त्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मारी कोंडो या जपानी लेखिकेच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये आले, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली, आणि पाहता पाहता त्यांचा उपदेश आपल्या पुरवण्यांत व नातेवाइकांच्या बोलण्यात झिरपला. झिरपताना तो पातळही झाला. 'वर्षभर न वापरलेली वस्तू घराबाहेर काढा' हे सूत्र त्यांच्या नावावर खपवले जाते. त्यांचा स्वतःचा निकष असा की वस्तू हातात घ्यावी आणि तिने मन उजळते का ते पाहावे. वस्तूंची त्यांनी पाच खाती पाडली आहेत: कपडे, पुस्तके, कागदपत्रे, किरकोळ वस्तू आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू. आता जुनेर यांपैकी कोणत्या खात्यात घालायचे? ते कपडा होते, आता नाही. किरकोळ वस्तू म्हणावे तर ते आईचे लुगडे आहे. आठवण म्हणावी तर उद्या त्याला कात्री लागणार आहे. खातेच सापडत नाही, तेव्हा घरातले आवरणारे हात त्याला सरळ 'पसारा' म्हणतात, आणि एखाद्या रविवारी गाठोडे जिन्यात येऊन पडते.

माझा आक्षेप कोंडोबाईंवर नाही. कपाटातल्या कपड्यांपुरता त्यांचा निकष ठीक असेल. तो कच्च्या मालाला लावणे ही चूक आहे. विटक्या सदऱ्याची पाठ हातात घेऊन कोणाचे मन उजळणार? तिची किंमत तिच्या एकटीत नसतेच. ती गर्द हिरव्या इरकलीशेजारी बसली की उमटते, किंवा आतल्या थरात राहून वरच्या इरकलीला आधार देते. शब्दकोशातला एकेक शब्द हातात घेऊन 'तू आनंद देतोस का?' असे विचारत भाषा आटोपशीर करायला निघालो, तर 'आणि', 'पण', 'तर' ही अव्यये पहिल्या तासात रद्दीत जातील. मग उरलेल्या झगझगीत नामांचे वाक्य करून दाखवावे!

विशेष म्हणजे हे तत्त्व आपण वर्गात शिकवतो. क्लोद लेव्ही-स्ट्रोसने १९६२ साली 'ब्रिकोलर' ही कल्पना मांडली. हाताशी असलेल्या, दुसऱ्या कशातून तरी उरलेल्या वस्तूंचा साठा बाळगून त्यातूनच नवे घडवणारा हा कारागीर. एखादी वस्तू साठ्यात का आली याचे त्याच्याकडे एकच उत्तर असते: कधीतरी उपयोगी पडेल. देरिदाने १९६६ च्या जॉन्स हॉपकिन्समधील व्याख्यानात ही कल्पना उचलून सारे बोलणेच एका अर्थी ब्रिकोलाज असते असे सुचवले, आणि तेव्हापासून एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेत पंधरा गुणांची सोय झाली. आपण फळ्यावर ब्रिकोलाज लिहून घरी येतो आणि आईला विचारतो, 'ह्या चिंध्या अजून कशाला ठेवल्यास?' ती म्हणते, 'लागतात कधीतरी.' लेव्ही-स्ट्रोसला जे वाक्य शोभते ते तिला शोभत नाही, कारण ती फ्रेंचमध्ये बोलत नाही.

आपल्या पुस्तकांच्या कपाटांकडे पाहिले तर हा दुजाभाव आणखी उघडा पडतो. वाल्टर बेन्यामिनचा १९३१ चा निबंध, खोक्यांतून ग्रंथसंग्रह बाहेर काढता काढता लिहिल्यासारखा, आपल्याला मनापासून आवडतो. संग्राहकाने सगळी पुस्तके वाचलेली असलीच पाहिजेत असे नाही हा दिलासा त्यातून आपण घेतलेला आहे. न वाचलेल्या चारशे पुस्तकांना आपण 'संदर्भसाधने' म्हणतो. न शिवलेल्या चाळीस जुनेरांना 'अडगळ' म्हणतो. दोन्ही ठिकाणी धूळ तीच आणि कसरही तीच. फरक एवढाच की एक साठा पगारदार, शिकलेल्या माणसाचा आणि दुसरा बहुधा पेन्शन नसलेल्या बाईचा.

भाषेनेही या कामी हातभार लावला आहे. चिंधीचोर, लक्तरे वेशीवर टांगणे हे शब्दप्रयोग पाहा. एखाद्या कादंबरीची बांधणी सैल वाटली की 'नुसती गोधडी झाली आहे' असा शेरा आपण मारतो. गोधडीइतकी बांधणीची काटेकोर जाण फार थोड्या कादंबऱ्यांत असते हे शेरा मारणाऱ्याच्या गावी नसते. चिंधीची बाजू घेणारी एक कथा मात्र आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. श्रीकृष्णाचे बोट कापले, बांधायला चिंधी हवी होती, आणि सुभद्रेच्या घरात चिंधीच मिळेना. होते ते सगळे शालू आणि पैठण्या. द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले. कथेचा सगळा भर द्रौपदीच्या त्यागावर आहे आणि तो योग्यच. पण सुभद्रेचे घर मला फार ओळखीचे वाटते. ते उत्तम आवरलेले घर आहे.

एवढे म्हटल्यावर कोणी मला 'आजीच्या लुगड्याच्या उबे'च्या पंगतीत बसवील, म्हणून दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. प्रत्येक चिंधीत आठवण पाहणारी जी हळवी परंपरा आपण कवितेत, ललित लेखात आणि शाळेतल्या निबंधात जोपासली आहे, तिने गाठोड्याचे आवरणाऱ्यांइतकेच नुकसान केले आहे. सगळेच पवित्र ठरले की काहीही काढता येत नाही. मग गाठोडे फुगते, त्याला वास लागतो, उंदीर लागतात, आणि अखेर बाई गेल्यावर तेराव्याच्या आत ते एकगठ्ठा उचलून दिले जाते. न निवडता ठेवणे आणि न निवडता टाकणे या एकाच आळसाच्या दोन अवस्था आहेत.

गोधडी शिवणाऱ्या बाया असा आळस करीत नसत. कमी करण्याची त्यांची रीत कडक होती, फक्त तिला कोणी रीत म्हटले नाही. जुनेर उजेडासमोर धरायचे; चांदणे दिसेल तेवढा भाग बाद. मग दोन्ही हातांनी उभे आणि आडवे ओढायचे. सुताने दम सोडला असेल तर ते तिथेच फरकन सांगते. लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते, काठ आणि पदर मागून. म्हणून विरविरीत पण टाका धरणारे कापड पोटात आणि काठपदर वर. रंग सोडणारे लाल कापड आधी भिजवून पाहायचे, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी बाटते. जर टोचते, ती उसवून वेगळी. जे टाकाही धरणार नाही त्याचे फडके, फडक्याचे पोतेरे, आणि मऊ सुती पट्टी उरली तर दिव्याचा काकडा. प्रत्येक तुकड्याची पुढची पायरी ठरलेली, त्यामुळे तो घरात राहूनही अडकून पडत नसे. वर्षातून एकदा उन्हाळ्यात गाठोडे उन्हात पसरायचे, वेखंडाची पुरचुंडी घालून पुन्हा बांधायचे. त्या दिवशी निवड व्हायची. याला संपादन म्हणायला आपली जीभ का अडखळते?

साठ्याचे मापही त्यांचे स्वतःचे होते. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. चार पदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात. म्हणजे गाठोडे उघडून बाई थेट सांगू शकते की यात तीन गोधड्या आहेत आणि एका बाळाचे दुपटे आहे. आणि तेवढे पुरे आहे की जास्त, हे घरातली माणसे, येऊ घातलेली बाळंतपणे आणि आपले डोळे यांच्या हिशेबाने ठरते. किलोच्या किंवा खोक्यांच्या हिशेबाने ते ठरत नाही.

मग गाठोडी वाढली का? हव्यासामुळे, असे उत्तर सहज दिले जाते. खरे कारण कापडात आहे. सुती लुगडे झिजत झिजत आपल्या पायांनी घराबाहेर जात असे. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या झिजत नाहीत, घाम टिपत नाहीत, थरांत निसटतात, त्यांचे पोतेरे पाणी ओढत नाही. त्या गोधडीच्या कामाच्या नाहीत आणि मरतही नाहीत. पूर्वी दारावर येणारी बोहारीण अंगात घालण्याजोगे कपडे घेऊन भांडे देई, आणि तिने नाकारलेले फाटके सुती कापड नेमके गोधडीला हवे असे; दोघींची वाटणी चोख होती. आता ती वाटणी मोडत चालली आहे आणि दोष मात्र बाईच्या 'टाकवत नाही' या स्वभावाला.

हव्यास असतोच, पण तो दुसरीकडे. अमेरिकेतल्या हौशी क्विल्टकरणींनी दुकानातून नवेकोरे कापड, अठरा बाय बावीस इंचांचे 'फॅट क्वार्टर', कपाटेच्या कपाटे भरून घेतले आणि स्वतःच त्याला एक विनोदी नाव दिले: 'सेबल'. उरलेल्या आयुष्यात शिवून संपणार नाही इतका साठा, असा त्या आद्याक्षरांचा अर्थ. त्या साठ्याला खरेदी थांबवण्याचा उपाय लागू पडतो. आपल्याकडेही शहरांत नवे छापील सुती कापड आणून गोधड्या शिवणाऱ्या आहेत; त्यांनी हा उपदेश अवश्य ऐकावा. वापरून उरलेल्या कापडाला तो लावू नये. खरेदीचे आणि उरण्याचे गणित एक नाही.

त्याच अमेरिकेत, अलाबामातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वस्तीत, मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली पती वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. आठवण राहावी आणि ती पांघरून ऊब मिळावी म्हणून. मेलेल्या माणसाच्या कपड्यांचे काय करायचे या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही. तिने ते कपडे जसेच्या तसे पेटीत जपले नाहीत, दानही केले नाहीत. कात्री घेतली. कोणते गुडघे विरले, कोणता खिसा उसवावा, हे तिने ठरवले. पुढे २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसली. दिसू दे बापडी. आपल्याकडेही महागड्या दुकानांत गोधडी भिंतीवर चढलीच आहे. भिंतीवर चढते ती गोधडी. गाठोडे तिथेही कोणी मागत नाही.

म्हणून वाद कापड ठेवावे की टाकावे हा नाही. ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे. घर लहान झाले, मुलगा फ्लॅट बदलतो आहे, सुनेला कपाट हवे आहे, या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत आणि सुनेची बाजू मला मुळीच खोटी वाटत नाही. बहुतेक वेळा आवरण्याचे ओझेही तिच्याच डोक्यावर असते. पण गाठोडे सोडायचे तर ते शिवणाऱ्या बाईने, तिच्यासमोर, तिच्या निकषाने. तिची नजर आता सुईत दोरा ओवण्याइतकी राहिली नसेल, तर कापड हाताने ओढून पाहण्याइतकी बोटे नक्कीच शाबूत असतात. ती स्वतः म्हणाली की 'हे आता कोणाच्या कामाचे नाही', तर ते त्याच दिवशी बाहेर जावे. त्यावर कोणी हळवे होऊ नये. चांगले सूत मागणीनुसार गोधड्या शिवून देणाऱ्या बायांकडे जावे.

आणि मराठी विभागांना एक रोकडे काम. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी पुढाकार घेतला म्हणून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. जाती थांबत असताना ते झाले. गाठोडे निवडतानाचे बोलणे कोणी नोंदले आहे? जुनेर, धडपा, दंड, चौघडी, वाकळ हे शब्द कोशात सापडतात. पण 'हे पोटात घाल, हे वर येऊ दे' असे म्हणताना बाई नेमके काय पाहत असते ते कोशात नाही. दरवर्षी गोधडीवरच्या कवितांचे रसग्रहण लिहून घेण्याऐवजी एका वर्गाला उन्हाळ्याच्या सुट्टीत वही देऊन आपापल्या घरच्या माळ्याखाली बसवावे. गाठोडे खाली काढून द्यावे, गाठ तिला सोडू द्यावी, आणि ती जे बाजूला टाकेल त्याचे कारण आधी लिहून घ्यावे.